दिव्यांवरचं फडकं

माझ्या बहिणीच्या नवऱ्याकडं कितीतरी वर्षं गाडी नव्हती, पण गाडीचं इंजिन होतं. रोह्याच्या घराच्या मागच्या पडवीत, लोखंडी घोडीवर ते बसवलेलं असायचं. रविवारी अंघोळ उरकली की हैबतराव भावजी त्याचं ऑइल बघणार, पंख्याचा पट्टा चाचपणार आणि फडफड करत ते चालू करणार. आळीतली कुत्री पळून जायची आणि भावजी पाट घेऊन त्याच्यासमोर बसायचे. पावसाळ्यात सरू, म्हणजे माझी धाकटी बहीण, त्याच्या गरम वाऱ्यावर पोरांचे शाळेचे कपडे वाळवायची. संसाराला त्या इंजिनचा झालेला उपयोग एवढाच.

मी महिपती, एसटीचा ड्रायव्हर. उभी हयात पेण-रोहा केलं. माझ्या लेखी गाडी म्हणजे जी माणसाला घेऊन जाते ती. जी पडवीत बसून ऑइल पिते तिला मी गाडी म्हणत नाही, म्हैस म्हणतो. हे मी भावजींना तोंडावर सांगायचो. ते हसायचे आणि मलाच पाना धरायला लावायचे.

हा नाद त्यांना लागला तो खांबला, त्यांच्या गावी. त्यांच्या वडलांची हायवेवर चहाची टपरी होती. त्या काळी गाड्या तापायच्या. टपरीपाशी ट्रक वाफ सोडत थांबला की पाण्याचा डबा घेऊन धावायचं हे पोरगेल्या हैबतचं काम. एके दिवशी तिथं एक गोल पाठीची गाडी थांबली. हा डबा घेऊन पुढं पळाला. मालकानं पुढचं झाकण उघडलं, तर आत एक चाक आणि एक पिशवी. पोराला वाटलं, इंजिन वाटेत कुठंतरी पडलं. तो घाबरून मागं रस्त्यावर बघायला लागला. मालक खो खो हसला, त्याला हाताला धरून गाडीच्या पाठीमागं नेलं आणि तिथलं इंजिन दाखवलं. म्हणाला, "पाणी नको बाळा. हिला वारा पुरे."

तो मालक म्हणजे पेणकडचे मिठागरवाले कमळाकर शेठ. भावजींनी गाडीचा नंबर पाठ केला, आणि पुढं बायकोचा वाढदिवस विसरले तरी तो नंबर विसरले नाहीत. मोठे होऊन धाटावच्या एका कंपनीत फिटर झाले. सुट्टीच्या दिवशी मुंबईला जाऊन लोकांच्या असल्या गाड्या दुरुस्त करून द्यायचे. मजुरी काय, तर एक चक्कर. पडवीतलं इंजिन अशाच एका भंगारात गेलेल्या गाडीचं. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरं. भावजींच्या हौसेला तर सुट्टीही नव्हती. सरू कधीतरी म्हणायची, "दादा, यांना दारूचा नाद असता तर निदान चारचौघांना सांगता तरी आलं असतं." पण म्हणताना हसायची. तिला तो माणूस आवडायचा, नादासकट.

भावजी रिटायर झाले त्या वर्षी मला पेणमध्ये ती गाडी दिसली. कमळाकर शेठचा पुतण्या जुनी मिठाची वखार मोकळी करत होता आणि पोत्यांच्या ढिगामागून ती गोल पाठ बाहेर आली. मी रोह्याला फोन लावला आणि म्हटलं, "भावजी, सरूची सवत सापडली." ते मिळेल त्या बसनं आले. पायात घरातल्या स्लीपर होत्या. नंबर वाचला आणि गाडीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. रडले. मी थट्टेचं काहीतरी बोलणार होतो, ते गिळलं.

मिठानं गाडी खाल्ली होती. दार उघडलं की खाली जमीन दिसायची. पुढच्या दिव्यांच्या जागी नुसती दोन भोकं होती. काका उधाणात गेला, एवढं पुतण्या म्हणाला. खाडीकडच्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी उधाणात गेलेलं असतं, म्हणून मीही पुढं विचारलं नाही.

रोह्यातला एकही गॅरेजवाला तिला हात लावेना. तेव्हा भावजींनी पेणपलीकडच्या जोहे गावच्या काळुरामला गाठलं. काळुराम कंपनीत त्यांच्याच शिफ्टला होता. पुढं नोकरी सोडून घरच्या गणपतीच्या कारखान्यात बसला. गणपती नुकतेच गेले होते, कारखान्यात जागा होती. गाडी तिथं नेली. तळाला नवा पत्रा भावजींनी वेल्डिंग करून बसवला, पडवीतलं इंजिन एकदाचं तिच्या पाठीत गेलं. बाकीचं अंग काळुरामनं केलं. तो डोळे मिटून पत्र्यावर तळवा फिरवायचा, खळगा लागला की लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, घासायची, पुन्हा तळवा. मूर्तीच्या सोंडेवर हात फिरवतात तसाच. रंग दिला फिका निळा, स्प्रेनं, आणि असा दिला की मलाही नाव ठेवता येईना.

एकच गोष्ट त्यानं भावजींना करू दिली नाही. दिवे आणून ठेवलेले होते, पण बसवायचे शेवटी. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी शेवटी असते आणि काळुरामचे हात त्याच वळणाचे. "आधी डोळे दिले तर तो बघत बसतो," तो म्हणायचा, "मग हात चालत नाय." तेव्हा ती गाडी मधे, तिच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्याफटक मूर्ती, कुणालाच डोळे नाहीत, असा तो कारखाना होता. मी तिथं गेलो की बाहेर उभा राहून विडी ओढायचो. आत का जात नाही असं कुणी विचारलं तर धुळीचं कारण सांगायचो.

दिवे बसले त्या दिवशी काळुरामनं त्यांच्यावर दोन लाल फडकी बांधली. गणपती घरी नेताना तोंडावर फडकं असतं ना, तसं. दारात आल्यावर पायांवर पाणी घालायचं, भाकरतुकडा ओवाळून टाकायचा आणि मग घरात फडकं काढायचं. भावजी हसले. काळुराम हसला नाही. "सवय हाय म्हना," तो म्हणाला, "पन वाटंत काढू नका. घरी वयनींच्या हातनं काढा. जितं तोंड उघडतं ते घर त्याचं."

आम्ही निघायला उशीर केला. कार्बोरेटर रुसला होता, तो मनवण्यात दुपार गेली. हमरापूर फाट्याला पोचलो तर हायवेवर ट्रेलर आडवा. मुंगीला वाट नाही. कुणीतरी म्हणालं, खाडीकाठच्या खारजमिनीतल्या बांधावरून जा, पेणजवळ बाहेर पडाल. आमचं गाव खाडीच्या दुसऱ्या अंगाला, ही बाजू माझ्या पायाखालची नव्हती. मी नको म्हटलं. पण ज्याला आयुष्यभर वाट बघून गाडी मिळाली, तो जाममध्ये उभा राहतोय होय? त्यांनी चाक वळवलं.

बांध अरुंद होता. एका बाजूला खाडी, दुसरीकडं सोडून दिलेली मिठागरं, त्यांत उभं पाणी. सूर्य गेला आणि पाणी, वाट, आभाळ सगळं एका रंगाचं झालं. पुढचं दिसेना. मागं फिरवायला जागा नव्हती. भावजींनी गाडी थांबवली, खाली उतरले आणि फडक्यांची गाठ सोडायला लागले. मी म्हटलं, भावजी, काळुराम काय म्हणाला? ते म्हणाले, काळुरामला सांग इथं येऊन बॅटरी धरायला. त्यांचंही बरोबर होतं. दिव्यांवर फडकं ठेवून बांधावर गाडी चालवणं म्हणजे दोघांनी खाडीत जाणं.

दिवे लागले. पिवळे, मोठे, गोल. त्यांचा उजेड सरळ समोरच्या घरावर पडला. तोपर्यंत तिथं घर आहे हे आम्हाला दिसलंच नव्हतं. बैठं कौलारू घर, एका अंगाला कौलं घसरलेली, दार अर्धवट उघडं. ओट्यावर पितळी तांब्या आणि शेजारी घडी घातलेला पंचा.

मी हाक मारली, कोणी आहे का. भावजी ओट्याकडं चालत गेले आणि बसले. कुणी सांगितल्यासारखे. तांब्या उचलून पायांवर पाणी घेतलं, पंच्यानं पाय पुसले आणि उरलेलं पाणी प्यायले. मला म्हणाले, "गोड पाणी हाय रे."

ते मला खटकलं. खारीतली विहीर मचूळ असते. गोड पाणी बाया गावातून डोक्यावर आणतात आणि जपून वापरतात. परक्यासाठी असा भरलेला तांब्या उघड्यावर कुणी ठेवत नाही. भावजींना दंडाला धरून गाडीत बसवलं आणि म्हटलं, चला.

निघताना फडक्यांचं सगळं फोनवर सांगितलं होतं, म्हणून रोह्याला सरू दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. दुरून तिला दिवे दिसले असणार. गाडी थांबली तशी ती पुढं आली नाही. फडकी कुठं आहेत, एवढंच तिनं विचारलं. भावजींनी खिशातून काढून दिली. तिनं ती हातात घेतली, भाकरतुकडा पदराआड धरला आणि न ओवाळताच आत गेली. "रातभर झोपच नाय लागली," असं सकाळी म्हणाली. मी खाडीकडची खुळं म्हणून उडवून लावलं. मी पण खाडीकडचाच, हे सोयीनं विसरलो.

त्यानंतर भावजी दर दिवशी गाडी काढायला लागले. तो त्यांचा हक्कच होता. दुधाची पिशवी आणायला म्हणून जायचे आणि दिवस मावळल्यावर परतायचे. दूध फाटलेलं असायचं. चाकांना काळा चिखल असायचा, वाळून त्याच्यावर पांढरं फुटलेलं. रोह्यात तसा चिखल नाही. सरूनं विचारलं तर म्हणायचे, वाट चुकली. फिटर माणूस, चाळीस गावांच्या वाटा पाठ, तो दुधाच्या डेअरीची वाट चुकतो. घरी जेवायचे कमी. पाणी तर घेतच नसत. पुढ्यात ठेवलं तर म्हणायचे, आत्ताच प्यायलो.

सरूनं मला बोलावून घेतलं. रडत नव्हती. म्हणाली, दादा, एकदा त्यांच्याबरोबर बसून जा, ते कुठं जातात ते बघ. कुठल्या बाईकडं जात असतील तर बरंच होईल, मी जाऊन झिंज्या तरी धरीन.

खांबला भावजींच्या पुतण्याच्या मुलीचं बारसं होतं. सरू सकाळीच पुढं गेली. आम्ही दोघं दुपारी गाडीनं निघालो. लख्ख ऊन होतं. भावजी छान गप्पा मारत होते, कंपनीतल्या, माझ्या एसटीच्या. कोलाडला डावीकडं वळलो, हायवेला लागलो. खांब आलं. मांडवाची कनात रस्त्यावरून दिसत होती. भावजींनी गती कमी केली नाही.

"भावजी, खांब गेलं," मी म्हटलं.

"उशीर झाला," ते म्हणाले. "ती पाणी घेऊन बसली असंल."

मला वाटलं, सरूबद्दल बोलतायत. पण सरू मागं राहिली होती, त्या मांडवात. मी त्यांच्याकडं नीट बघितलं. चेहरा शांत होता. हात चाकावर अलगद ठेवलेले. मी जन्मभर चाक धरलेला माणूस आहे, चाक फिरवणारा हात आणि चाकाबरोबर फिरणारा हात मला कळतो. त्या दिवशी मी खरोखर भ्यालो. नागोठणं गेलं, वडखळ गेलं, पेण गेलं. मी दोनदा हाक मारली. ते हो म्हणायचे आणि गाडी चालतच राहायची. मधे ते काहीतरी गुणगुणत होते.

बांधावर ऊन पांढरं पडलं होतं. गाडी त्या घरासमोर गेली आणि थांबली. ओट्यावर तांब्या होता, काठोकाठ. भावजी उतरले, पाय धुतले, पाणी प्यायले, आणि आत जाऊन दाराच्या मागं हात घालून कोनाड्यातली काडेपेटी न बघता काढली. आपल्या घरात माणूस काढतो तशी. चिमणी लावायला लागले. दुपारी. मी तेवढ्यात गाडीची किल्ली खिशात घातली आणि त्यांना बाहेर ओढलं. त्यांनी मला झिडकारलं. मग एकदम माझ्याकडं ओळखीनं बघितलं आणि विचारलं, "आपन खांबला जानार होतो ना?"

त्यांना घेऊन मी चालत जोह्याला गेलो, काळुरामकडं. ते पडवीत झोपले. काळुरामला मी सगळं सांगितलं. फडकं कुठं काढलं ते ऐकून त्यानं हातातला ब्रश खाली ठेवला. ते घर कमळाकर शेठचं, त्यानं सांगितलं. बांध फुटला त्या संध्याकाळी शेठ गाडी घेऊन बघायला निघाले, ते परत आले नाहीत. गाडी सकाळी बांधावर सापडली, दिवे लागलेले, आत कुणी नाही. त्यांची बायको इंदुबाई पुढं ते घर सोडून हलली नाही. रोज दिवस मावळताना ओट्यावर गोड पाण्याचा तांब्या आणि पंचा ठेवायची, नवरा आल्यावर पाय धुवायला. म्हातारी होऊन वारली तोवर ठेवला. तिला जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती.

"आता तांब्या कोन ठेवतं?" मी विचारलं.

काळुरामनं ब्रश उचलून धुवायला घेतला. तो म्हणाला, गाडीचं तोंड तिच्या दारात उघडलं, तेव्हा ती त्या घरची झाली. अशी मूर्ती दुसऱ्या घरात नेत नाहीत. नेली तरी ती तिथं बसत नाही. गाडीचं ठीक आहे, असंही म्हणाला. गाडीला पाणी लागतच नाही. पाणी माणसासाठी ठेवलेलं आहे, आणि तुझे भावजी ते प्यायले.

मी सरूला फोन केला. बारशातून उठून ती आली, गर्दीच्या सहाआसनी रिक्षात बसून. भावजींना धड आठवत नव्हतं. आपण दोन-चारदा वाट चुकलो एवढंच ते कबूल करत होते. गाडी विकून टाका म्हटल्यावर मात्र त्यांचा चेहरा बघवेना. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. ते म्हणाले, सरू, लहानपणापासून मी दुसरं काय मागितलं गो? ती म्हणाली, काही नाही. तेच तर.

मग तिनं काळुरामच्या बायकोकडं, सगुणाकडं, भाकरी मागितली.

आम्ही तिघं बांधावर गेलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. सरू त्या गाडीत कधी बसली नव्हती. त्या दिवशीही बसली नाही. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली, पाठीवरून हात फिरवला, आणि मला वाटतं, तिला ती आवडली. ओट्यावर तांब्या भरलेला होता. दुपारी तो रिकामा करताना मी डोळ्यांनी बघितलं होतं. सरूनं पदर खोचला आणि तांब्या उचलला. भावजींचा हात आपोआप पुढं आला. तिनं तो बाजूला केला आणि पाणी गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांवर ओतलं. भाकरीचा तुकडा दिव्यांवरून ओवाळून खाडीत टाकला. जे स्वतःच्या दारात करायचं म्हणून ती थांबली होती, ते तिनं इंदुबाईच्या दारात केलं.

मग ती अर्ध्या उघड्या दारासमोर उभी राहिली. शेजारणीशी बोलावं तशी बोलली.

"इंदुबाय, तुजी गाडी घरी आली. ती तू ठेव. मानूस माजा हाय. तो मी नेते."

आत काही हललं नाही. थोड्या वेळानं दार सावकाश आलं आणि लागलं. वारा होता. मी अजूनही सगळ्यांना तेच सांगतो, वारा होता. फक्त खाडीचं पाणी तेव्हा काचेसारखं पडलं होतं, तेवढं सांगत नाही.

सरूनं माझ्याकडून किल्ली घेतली आणि ओट्यावर रिकाम्या तांब्यात टाकली. तिचा टण् असा आवाज झाला तेव्हा भावजी खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. मी मागची सीट उचलून बॅटरी काढून घेतली. का काढली? ड्रायव्हरची अक्कल. बॅटरी नाही तर गाडी नाही, गाडी नाही तर धोका नाही. ती खांद्यावर घेऊन मी पुढं, मागं सरू भावजींचा हात धरून. इतक्या वर्षांत त्या दोघांना हात धरून चालताना मी पहिल्यांदा बघितलं.

घरी भावजी सुधारले. जेवायला लागले, सरूच्या हातचं पाणी प्यायला लागले. मागच्या पडवीत जिथं इंजिन असायचं तिथं आता नुसती घोडी आहे, आणि तिच्याखाली पोत्यानं झाकलेली ती बॅटरी. रविवारी ते पाट घेऊन तिथं बसतात. मी थट्टा करायचं सोडलं आहे, त्यामुळं आमचं बोलणं कमी झालं.

वैशाखात मी घरच्या गणपतीची मूर्ती सांगायला जोह्याला गेलो. काम झालं तरी काळुराम सोडेना. दिवस मावळायला मला शेताच्या कडेला घेऊन गेला आणि लांब बांधाकडं बोट केलं. तिथं दोन दिवे लागले होते. पिवळे, मोठे, गोल. थोडा वेळ राहिले आणि मग कुणीतरी घरात जाताना बंद करावेत तसे गेले. रोज लागतात, काळुराम म्हणाला. तिकडं आता गुरंसुद्धा कुणी नेत नाही.

दुसऱ्या दिवशी मी रोह्याला गेलो. आधी पडवीत जाऊन पोतं उचलून बघितलं. बॅटरी होती, तिच्यावर धूळ होती. पुढं आलो तर भावजी दारासमोर खुर्ची टाकून बसलेले, तोंड बाहेर, जिथून समोर फक्त डोंगर दिसतो. सरू खाली तांदूळ निवडत होती. मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं.

"जोह्याला गेलेलास ना? दिवे लागतात काय रे?"

सरूचे हात थांबले. तिनं माझ्याकडं बघितलं. ते बघणं मी जन्मात विसरणार नाही. आमची आई गेली तेव्हाही तिनं असं बघितलं नव्हतं.

"नाय ओ," मी म्हटलं. "कसले दिवे? बॅटरी तर हितं हाय."

भावजींनी मान हलवली. माझ्यावर रागावले नाहीत. सरूनं पुढं केलेला तांब्या घेतला, दोन घोट प्यायले आणि पुन्हा डोंगराकडं बघत म्हणाले, "मग मला हितनं कसे दिसतात?"

सरू उठली. सुपातले तांदूळ सांडले तिकडं तिनं बघितलं नाही. तिनं दार लावलं, कडी घातली आणि दाराला पाठ लावून बसली. बाहेर अजून ऊन होतं.